बस्टर कीटनला बोलपटाने संपवलं नाही

केतकीवन

बस्टर कीटन, अमेरिकी मूकपटांतला मोठा विनोदी नट आणि दिग्दर्शक. त्याच्याविषयी कुठेही दोन परिच्छेद वाचा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं : बोलपट आला आणि कीटन संपला. मला हे वाक्य पटत नाही आणि धागा त्यासाठीच काढते आहे. कीटनचा आवाज खर्जातला, जरा घोगरा होता. आयुष्याची पहिली वीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या माणसाचा आवाज होता तो. मेट्रो-गोल्डविन-मेयरसाठी त्याने बोलपट केले आणि ते चालले, कंपनीला पैसेही मिळाले. मग १९३३ साली तो कामावरून निघाला कसा? हे समजायला तो काम कसं करायचा ते आधी बघावं लागेल.

जोसेफ फ्रँक कीटन. जन्म ४ ऑक्टोबर १८९५, कॅन्सस राज्यातलं पिक्वा नावाचं छोटंसं गाव. आईवडील व्हॉडविलमधले, म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नकला, कसरती असं सगळं दाखवणाऱ्या फिरत्या कार्यक्रमांतले. बस्टर अगदी लहान असतानाच त्यांच्या खेळात आला आणि 'द थ्री कीटन्स' हे नाव गाजू लागलं. खेळ असा की पोरगं बापाला छळतं आणि बाप त्याला उचलून भिरकावतो : पडद्यांवर, वादकांच्या खड्ड्यात, कुठेही. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कोटाला पाठीवर चक्क बॅगेची मूठ शिवलेली असे. बालसंरक्षणवाल्या संस्थांनी या खेळाचा सतत पाठपुरावा केला, आणि आज वाचताना त्यांची बाजू मला बरोबरच वाटते. पण त्या मुलाने तिथे दोन गोष्टी अंगात मुरवल्या. एक म्हणजे न लागता पडायचं कसं. दुसरी, आपटून उठल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात. चेहरा निश्चल ठेवला की थिएटर डोक्यावर घेतात.

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये त्याची रॉस्को आरबकलशी गाठ पडली. आरबकल तेव्हा फार मोठा विनोदी नट होता. 'द बुचर बॉय' या त्याच्या छोट्या चित्रपटात कीटन पहिल्यांदा पडद्यावर आला. कीटन स्वतः सांगायचा की त्या सुरुवातीच्या दिवसांत त्याने कॅमेरा मागून घेतला आणि उघडून पाहिला. आत फिल्म कशी सरकते, कशी थांबते, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडेना. मध्ये पहिलं महायुद्ध झालं, फ्रान्समध्ये सैन्यात असताना कानाला दुखणं जडलं आणि ऐकू कमी येऊ लागलं. परत आल्यावर, १९२० मध्ये, निर्माता जोसेफ शेंकने त्याला स्वतःचं युनिट दिलं. पुढची आठ वर्षं हा माणूस जे करत होता त्याला माझ्या मते सिनेमाच्या इतिहासात फार थोड्या जोडी आहेत.

लेखी पटकथा नसे. चारपाच जण बसत : क्लाइड ब्रकमन, जाँ हावेझ, जोसेफ मिचेल असे विनोद रचणारे आणि सेट, यंत्रं, जुगाड सांभाळणारा फ्रेड गॅबुरी. सुरुवात ठरवायची, शेवट ठरवायचा, मधलं आपोआप सुचतं यावर कीटनचा विश्वास. शूटिंग करताना घोडं अडलं की सगळे बाहेर जाऊन बेसबॉल खेळत, कुणाला काही सुचलं की पुन्हा आत. तयार चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवून बघत. 'सेव्हन चान्सेस' (१९२५) अशाच एका खेळाला दाखवला तेव्हा शेवटच्या पाठलागात त्याच्या पायाने दोनतीन दगड सुटून मागे लागले, आणि लोक तिथेच सगळ्यात जास्त हसले. कीटन परत गेला, ढिगाने खोटे दगड बनवून घेतले, काही त्याच्यापेक्षा मोठे, आणि डोंगरउतारावर त्याच्यामागे दगडांची धाड सोडून नवा शेवट चित्रित केला. आज तो चित्रपट लोकांना आठवतो तो या दगडांमुळे.

कॅमेऱ्याच्या कामाबद्दल थांबून सांगायला हवं. 'द प्लेहाउस' (१९२१) मध्ये रंगमंचावर एका रांगेत नऊ कीटन एकाच वेळी दिसतात. तेव्हा हे प्रयोगशाळेत जोडून केलेलं नाही. भिंगासमोर झडपा लावलेला एक डबा बसवला, एका वेळी फिल्मचा एकच पट्टा उघडा ठेवला, चित्रित केलं, फिल्म मागे गुंडाळली, पुढची झडप उघडली. असं नऊदा. कॅमेरा हाताने फिरवायचा काळ, म्हणजे एल्जिन लेस्ली या छायाचित्रकाराला दर वेळी हुबेहूब त्याच गतीने मूठ फिरवणं भाग होतं. आणि कीटनला दर वेळी त्याच ठेक्यावर नाचणं. यात एक जरी चुकला असता तरी सगळी फिल्म फुकट गेली असती.

'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) मध्ये थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा पोरगा झोपेत पडद्याच्या आत शिरतो. तो आहे तिथेच आणि भोवतीचं दृश्य बदलत जातं : बाग, रस्ता, कडा, सिंह, समुद्र. प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्यापासूनचं त्याचं अंतर आणि उभं राहण्याची जागा मोजमापाची उपकरणं लावून जुळवली होती. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीच्या नळाला तो लोंबकळतो, पाण्याचा लोट त्याला खाली रुळावर आपटतो. काही दिवस डोकं ठणकत राहिलं, काम चालूच. कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत डॉक्टरांना मानेचं हाड तेव्हा मोडून सांधल्याची खूण दिसली.

आणि 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मधली ती भिंत. वादळात घराची अख्खी दर्शनी बाजू, सुमारे दोन टन वजनाची, त्याच्या अंगावर कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवती येते. दोन्ही खांद्यांना जेमतेम काही इंच जागा. हाच विनोद त्याने लहान प्रमाणात 'वन वीक' (१९२०) मध्ये करून पाहिला होता. इथे लक्ष देऊन बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कॅमेरा कुठे आहे. लांब, स्थिर, डोक्यापासून पायापर्यंत माणूस आणि पूर्ण घर एकाच चौकटीत. मध्ये कुठे कापलं असतं तर फसवणूक करता आली असती, पण बघणाऱ्याला शंका आली की हसू विरतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता माझा मुद्दा. ही सगळी पद्धत एका छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या चमूवर उभी होती. चॅप्लिनचा स्टुडिओ त्याचा स्वतःचा होता. हॅरल्ड लॉइड या त्या काळच्या दुसऱ्या विनोदी नटानेही आपले चित्रपट आपल्या हातात ठेवले. 'बस्टर कीटन प्रॉडक्शन्स' मात्र शेंकच्या मालकीची होती. ज्याचं नाव पाटीवर त्याचा त्यात शेअर नव्हता. १९२८ मध्ये शेंकने हे युनिट बंद केलं आणि कीटनला मेट्रोकडे पाठवलं, जिथे शेंकचा भाऊ निकोलस वरच्या पदावर होता. जाऊ नकोस, असं चॅप्लिन आणि लॉइड दोघांनी सांगितलं होतं. तो गेला.

तिथे आधी लिहून मंजूर झालेली पटकथा, प्रत्येक खात्याचा प्रमुख, प्रत्येक बदलाला परवानगी. धोक्याच्या उड्या त्याने मारायच्या नाहीत, त्यासाठी दुसरा माणूस. पहिला चित्रपट 'द कॅमेरामन' (१९२८) त्याने भांडून थोडाफार आपल्या पद्धतीने केला, आणि तो अप्रतिम आहे. पुढच्या 'स्पाइट मॅरेज' (१९२९) मध्ये त्याला आवाज हवा होता. हो, त्यालाच हवा होता! स्टुडिओने तो चित्रपट मूक ठेवला. मग बोलपटांत त्याला 'एल्मर' नावाचा बावळट, अडखळणारा, कीव यावी असा माणूस केलं. मूकपटातला कीटन कधीच बावळट नव्हता. जग त्याच्यावर कोसळत असे आणि तो डोकं चालवून वाट काढत असे. 'फ्री अँड ईझी' (१९३०) च्या शेवटी तर त्याच्या तोंडाला विदूषकाचा रंग फासलाय. ज्या माणसाने पापणी न हलवता लोकांना खुर्चीतून पाडलं, त्याच्या चेहऱ्यावर रंगाने दुःख काढलं! ते दृश्य मला पुन्हा बघवत नाही.

---

अबोली

सुंदर लिहिलंयस. चॅप्लिन आमच्या पिढीने टीव्हीवर पाहिला, कीटनचं नाव मात्र फक्त ऐकून होते. सुरुवात कुठून करू? बरोबर माझी नऊ वर्षांची लेक बसणार आहे, तिला कंटाळा येता कामा नये.

---

नॅरोगेज

धागा वाचून राहवलं नाही, कारण 'द जनरल' (१९२६) चं नाव अजून आलेलं नाही. आमच्यासारख्या रेल्वेवेड्यांसाठी तो चित्रपट म्हणजे तीर्थ आहे.

मूळ घटना खरी. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या हेरांनी जॉर्जियात 'जनरल' नावाचं इंजिन पळवलं आणि दक्षिणेच्या लोकांनी त्याचा पाठलाग केला. ते मूळ इंजिन तेव्हाही जतन केलेलं होतं. कीटनला तेच वापरायचं होतं, पण विनोदी चित्रपट आहे कळल्यावर रेल्वे कंपनीने नकार दिला. मग सगळा लवाजमा ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हला गेला, कारण तिथे लाकूड वाहणाऱ्या कंपन्यांचे रूळ होते आणि त्या काळाचा भास होईल अशी जुनी इंजिनं मिळाली. दोन्ही बाजूंचे सैनिक म्हणून ऑरेगनच्या नॅशनल गार्डचीच माणसं घेतली. निळे कपडे घालून एकीकडून धावायचं, मग करडे घालून दुसरीकडून.

इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर तो विचारात गढून बसलाय आणि दांडा त्याला घेऊन वरखाली होऊ लागतो, हे दृश्य सगळ्यांना गोड वाटतं. ज्याने वाफेचं इंजिन सुटताना जवळून पाहिलंय त्याला विचारा. वाफ जरा जास्त सोडली तर चाकं रुळावर जागच्या जागी गरगर फिरतात. तसं झालं असतं तर तो माणूस चेंदला गेला असता. सगळी भिस्त ड्रायव्हरच्या हातावर. तसंच इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून एका स्लीपरने, म्हणजे रुळांखालच्या लाकडी ओंडक्याने, रुळावरचा दुसरा स्लीपर उडवण्याचं. नेम एका बोटाने चुकला तरी इंजिन घसरलं असतं.

आणि पूल. जळत्या पुलावरून खरं इंजिन रो नदीत कोसळतं. जुलै १९२६ मध्ये आसपासच्या गावांतले लोक काठावर जमलेले असताना ते एकदाच चित्रित केलं, दुसरी संधी नव्हतीच. मूकपटांच्या काळातलं सर्वांत महागडं दृश्य म्हणून त्याचं नाव घेतात. ते इंजिन वर्षानुवर्षं नदीत तसंच पडून होतं, दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली तेव्हा काढलं.

---

तिसरी घंटा

केतकीवन, लेख आवडला, पण निदान अर्धवट वाटतं. सगळं खापर स्टुडिओवर फोडलंस. दारूचं काय? १९३० च्या आसपास तो इतका पीत होता की शूटिंगला येत नसे. बायको नॅटली टाल्मज, तिच्या दोन्ही बहिणी, नॉर्मा आणि कॉन्स्टन्स, मोठ्या तारका, आणि नॉर्मा शेंकचीच बायको. म्हणजे मालक हाच साडूही. १९३२ मध्ये घटस्फोट झाला, घर गेलं, दोन्ही मुलांचं आडनावसुद्धा बदलून टाल्मज झालं. एवढं एका माणसावर आल्यावर कुठल्याही स्टुडिओत त्याचं काही खरं नव्हतं. मेट्रोचा प्रमुख लुई मेयरने त्याला काढलं ते रागाने असेल, पण कारण हातात होतं.

आणि दुसरं. मी नाटकवाला आहे, मला अभिनयात माणूस दिसायला हवा. चॅप्लिन एका नजरेत रडवतो. कीटनचं कौतुक मी कसरतपटूचं करावं तसं करतो, पण नट म्हणून?

---

केतकीवन

अबोली, 'वन वीक' ने सुरुवात कर. वीसपंचवीस मिनिटांचा आहे. नवविवाहित जोडप्याला सुटे भाग जोडून उभारायचं घर आहेरात मिळतं, आणि मुलीचा नाकारलेला प्रियकर खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. तुझ्या लेकीला पडद्यावरची एकही मजकुराची पाटी वाचून दाखवावी लागणार नाही.

नॅरोगेज, हे तुमच्याकडूनच यायला हवं होतं. दांड्याचा धोका मला इतका नेमका कळला नव्हता.

तिसरी घंटा, दारूचं नाकारत नाही. पण क्रम बघा. 'द कॅमेरामन' च्या वेळी तो वेळेवर येऊन दिवसभर राबत होता. काम हातातून जात गेलं तसं पिणं वाढत गेलं. संसार मोडत होता हेही खरं, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. मात्र बोलपटाचा त्यात दोष कुठे? तेच चित्रपट एकीकडे स्पॅनिश, फ्रेंच, जर्मनमध्येही करून घेत होते त्याच्याकडून, उच्चार पाठ करून. आवाज चालत नसता तर हे कशाला केलं असतं?

अभिनयाचं म्हणाल तर 'द जनरल' मधला एक क्षण पुन्हा बघा. इंजिनात लाकडं टाकत असताना नायिका एक छोटीशी ढलपी उचलून देते. तो तिच्याकडे बघतो, तिचा गळा धरून हलवतो आणि त्याच झटक्यात तिचं चुंबन घेतो. चेहऱ्याची रेषही हलत नाही, पण वैताग आणि माया दोन्ही पोचतं. खांदे, मान, डोळे, धावताना मागे पडणारं धड, या सगळ्याने तो बोलतो. ओठ तेवढे हलत नाहीत.

---

मुक्काम पोस्ट

कौतुकात मीठ पडतंय याची कल्पना आहे, तरी लिहितो. 'द जनरल' चा नायक गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेचा आहे. खऱ्या घटनेतले शूर लोक उत्तरेचे, कीटनने बाजू उलटवली. दक्षिणेला खलनायक केलेलं प्रेक्षक स्वीकारणार नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळच्या अमेरिकेबद्दल यातून बरंच कळतं. 'सेव्हन चान्सेस' मध्ये गोऱ्या नटाला काळा रंग फासून नोकर केलाय, 'कॉलेज' (१९२७) मध्ये कीटन स्वतःच तसा रंग लावून वावरतो. मी हे चित्रपट पाहतो, आवडतातही, पण तिथे माझं हसू थांबतं.

---

केतकीवन

मीठ नाही, हे यायलाच हवं होतं. माझंही तिथे थांबतं. 'द जनरल' मध्ये युद्ध कशासाठी चाललंय याचा एक शब्द नाही, आणि इतका चोख चित्रपट असूनही ती पोकळी मला जाणवते. मुलांना दाखवताना हे सांगावं. अबोली, 'कॉलेज' आणि 'सेव्हन चान्सेस' आधी तू एकटी बघ.

---

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. १९३३ नंतर त्याचं काय झालं? शेवटी हलाखीत गेला असं कुठेतरी वाचलं होतं.

---

तिसरी घंटा

याचं उत्तर मी देतो, कारण आयुष्याचा हा भाग मला त्याच्या चित्रपटांइतकाच आवडतो.

१९३० चं दशक वाईट गेलं. उपचारासाठी दाखल व्हावं लागलं, दुसरं लग्न झालं आणि १९३६ ला मोडलं, स्वस्तातले दोन रिळांचे, म्हणजे छोटे, चित्रपट करत राहिला. पुढे त्याच मेट्रोने त्याला अगदी थोड्या पगारावर विनोद सुचवायला ठेवलं, रेड स्केल्टनसारख्या विनोदी नटांच्या चित्रपटांसाठी. १९४० मध्ये त्याने एलिनॉर नॉरिसशी लग्न केलं. ती मेट्रोतलीच नर्तकी, त्याच्याहून तेवीस वर्षांनी लहान. लोकांनी टिकणार नाही म्हटलं, तो मरेपर्यंत टिकलं. १९४७ मध्ये पॅरिसच्या सर्कस मेद्रानोत त्याने प्रयोग केले आणि ते गाजले. १९४९ ला 'लाइफ' साप्ताहिकात समीक्षक जेम्स एजीचा मूकपटांतल्या विनोदावरचा लेख आला आणि अमेरिकेला तो पुन्हा आठवला. मग टीव्ही, जाहिराती, 'सनसेट बुलेव्हार्ड' मध्ये पत्ते खेळणारा एक जुना नट म्हणून क्षणभर, आणि १९५२ मध्ये 'लाइमलाइट', जिथे चॅप्लिन आणि तो एकत्र दिसतात.

चित्रपट हरवल्यासारखेच होते. बेव्हर्ली हिल्समधलं त्याचं जुनं घर पुढे जेम्स मेसन या नटाने घेतलं, आणि तिथे बंद ठेवलेल्या रिळांचा साठा सापडला. १९५४ पासून रेमंड रोहाउर या संग्राहकाने उरलेल्या प्रती गोळा करून जुन्या नायट्रेट फिल्मवरून नव्या फिल्मवर उतरवल्या. त्याच्या आयुष्यावर १९५७ मध्ये चित्रपट निघाला. चित्रपट रद्दड, पण मिळालेल्या पैशांतून वुडलँड हिल्सला घर झालं, कोंबड्या पाळल्या, बागेतून धावणारी छोटी रेल्वे केली जी पाहुण्यांना खाणं आणून देई. १९६० ला मानद ऑस्कर. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात नाटककार सॅम्युअल बेकेटच्या 'फिल्म' या लघुपटासाठी तो कॅमेऱ्याकडे पाठ करून चालला. १९६५ ला व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. १ फेब्रुवारी १९६६ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, सत्तर वर्षांचा होता. हलाखीत नाही गेला.

केतकीवन, तुझ्या मुद्द्यात माझी एक भर. मालकी हातात नव्हती म्हणून तो पडला हे मान्य. पण १९५० नंतर टीव्हीवर छोट्या चमूबरोबर, थोड्या पैशांत, स्वतःचे विनोद स्वतः बसवायला मिळाले तेव्हा तो लगेच उभा राहिला. त्या कामाचं ध्वनिमुद्रण ऐका, तिथे तो बोलतोय. तुझंच म्हणणं त्यातून सिद्ध होतं.

---

नॅरोगेज

यात 'द रेलरॉडर' (१९६५) राहिला. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा, वीसपंचवीस मिनिटांचा, रंगीत, एकही संवाद नाही. म्हातारा कीटन रुळांवरच्या छोट्या मोटरगाडीत बसून अख्खा कॅनडा ओलांडतो. उंच पुलावरून जाताना नकाशात गुंडाळला गेलेला कीटन हा विनोद दिग्दर्शकाला धोक्याचा वाटत होता, त्याने हट्टाने तसाच केला. तेव्हा वय एकोणसत्तर. ते शूटिंग दाखवणारा वेगळा माहितीपटही आहे, त्यात तो विनोद कसा बसवतो ते बोलताना ऐकायला मिळतं. आधी तो बघा.

---

अबोली

काल 'वन वीक' पाहिला. शेवटी रुळांवर अडकलेल्या घराकडे आगगाडी येते, शेजारच्या रुळावरून निघून जाते, दोघं सुटकेचा श्वास टाकतात आणि उलट्या बाजूने दुसरी गाडी येऊन घराच्या चिंधड्या करते. लेक आधी ओरडली, मग इतकी हसली की तेवढंच पुन्हा लावायला लागलं. तिचा प्रश्न : घर खरंच मोडलं का?

---

केतकीवन

खरंच मोडलं, तिला सांग. उभारलेलं घर होतं आणि खऱ्या गाडीने उडवलं. आता 'शेरलॉक ज्युनियर' लाव, पाऊण तासाचा आहे. मोटरसायकलच्या हँडलवर बसून तो एकटाच सुसाट निघतो, मागचा चालक केव्हाच पडलेला असतो, ते तिला नक्की आवडेल. सुट्टीत 'द नॅव्हिगेटर' (१९२४) : रिकाम्या बोटीवर दोनच माणसं, आणि शेकडोंसाठी बांधलेल्या स्वयंपाकघरात एक अंडं उकडायचंय. एक करा, संगीताची साथ असलेली, नीट दुरुस्त केलेली प्रत शोधा. इंटरनेटवर चुकीच्या वेगाने पळणाऱ्या, धुरकट प्रती खूप आहेत, आणि त्यात त्याची धाव निव्वळ घाईची वाटते.